ओरिगामीवर जागा बारा, दिसतात सहाच: बाकीचं बायोटिन जातं कुठे?

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं ते लगेच कळेल. डीएनए ओरिगामीचा (डीएनएच्या लांब धाग्याची घडी घालून केलेला नॅनोमीटरांतला) आयत घडवला, त्यातल्या बारा स्टेपलना (घडी टाचणाऱ्या छोट्या धाग्यांना) बायोटिन हा छोटा रेणू लावला, वर बायोटिनला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन टाकलं आणि सॅम्पल अभ्रकावर पसरून एएफएमखाली, म्हणजे सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं. आयत सुरेख, कडा सरळ, मोडतोड नाही. पण प्रत्येक आयतावर बारा ठिपके (एक ठिपका म्हणजे बसलेलं एक स्ट्रेप्टाव्हिडिन) दिसायला हवेत तिथे पाच, सहा, फार तर सात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग काहीतरी बदललं आणि एकदम नऊ-दहा दिसले. पेढे आणायच्या आत पुढच्या बॅचला परत सहा.

दीड वर्षात हे आमच्याकडे तीनदा उपटलं. तिन्ही वेळा चित्र सारखंच, आणि तिन्ही वेळा कारण निराळं. पहिल्यांदा जो उपाय लागू पडला तोच दुसऱ्यांदाही करत बसलो, त्यात पाच आठवडे गेले. ठिपका दिसत नाही म्हणजे तिथे बायोटिन नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर तिथे स्टेपलच बसलेला नसेल. स्टेपल बसला असेल, पण त्यावर बायोटिन कधी चढलंच नसेल. बायोटिन असेल, पण तोंड खाली अभ्रकाकडे असेल. किंवा स्ट्रेप्टाव्हिडिन येऊन बसलं होतं आणि एएफएमच्या सुईनेच ते ढकलून दिलं असेल. यातलं कुठलं हे ठरल्याशिवाय नवे ऑलिगो (कृत्रिम छोटे डीएनए धागे) मागवू नका. महाग असतात, आणि आल्यावरही सहाच दिसतात.

या कामात नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: डीएनएची जाळी विणून तिच्यात दुसरे रेणू ओळीने बसवायचे, ही कल्पना नेड सीमन यांनी १९८२ मध्ये मांडली. पॉल रोथेमुंड यांनी २००६ मध्ये एम-१३ विषाणूचा ७,२४९ बेसचा एकेरी धागा दोनशेहून अधिक छोट्या धाग्यांनी टाचून हवे ते आकार करून दाखवले. हे छोटे धागे म्हणजे स्टेपल. प्रत्येकाचा क्रम वेगळा, त्यामुळे प्रत्येकाची जागा ठरलेली; ज्या स्टेपलच्या टोकाला क्रियात्मक गट (इथे बायोटिन) लावाल, तो गट त्या जागी. आयतावर साधारण दर ६ नॅनोमीटरवर अशी एक जागा मिळते. २०१० मध्ये डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठात कुर्ट गोथेल्फ यांच्या चमूने ओरिगामीवरच्या ठरावीक जागी बंध तोडून आणि जोडून दाखवले. बंध तुटला की नाही, जुळला की नाही, हे ओळखायला त्यांनी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनचे ठिपकेच वापरले होते. म्हणजे पद्धत पारखलेली आहे. खोट आपल्याकडे.

आधी हिशेब, मग हळहळ

समजा, एखादा स्टेपल आपल्या जागी बसण्याची शक्यता ८५ टक्के, त्यावर बायोटिन असण्याची ९० टक्के आणि त्या बायोटिनला स्ट्रेप्टाव्हिडिन मिळण्याची ९५ टक्के. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण तिन्ही चांगलेच आहेत. गुणाकार येतो साधारण ७३ टक्के. बारा जागांवर सरासरी पावणेनऊ ठिपके. आणि बाराच्या बारा भरलेले आयत? शंभरात दोन.

हा गुणाकार आम्ही पहिल्याच दिवशी पाटीवर मांडायला हवा होता. त्याऐवजी मीटिंगमध्ये दाखवायला बारा ठिपक्यांचा एक तरी आयत मिळावा म्हणून आम्ही एएफएमचे स्लॉटच्या स्लॉट घालवले. छापून आलेले फोटो वेचून घेतलेले असतात, हे उशिरा लक्षात आलं.

स्टेपल बसण्याच्या शक्यतेबद्दल मोजलेले आकडे आहेत. जर्मनीत राल्फ युंगमान यांच्या चमूने २०१८ मध्ये सुपर-रेझोल्यूशन सूक्ष्मदर्शकाने एकेक स्टेपल मोजला. कडेच्या जागी ४८ टक्क्यांपर्यंत खाली, मधोमध ९५ टक्क्यांपर्यंत वर. म्हणजे बारापैकी चार जागा तुम्ही कडेला दिल्या असतील, तर त्यातल्या निम्म्या रिकाम्या दिसणं हा बिघाड नाही. तो डिझाइनचा भाग आहे.

सरासरी आठ-नऊ येत असेल तर हे पान बंद करा आणि लिहायला बसा. पाच-सहा येत असेल तर पुढे.

आयत मोजू नका, जागा मोजा

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका फुकटच्या गोष्टीचा: जागांचा नकाशा. किमान शंभर आयत घ्या आणि प्रत्येक जागेपुढे ती कितीदा भरलेली दिसली ते लिहा. त्यासाठी आयताची दिशा कळायला हवी. साधा आयत १८० अंशांत फिरवला तरी तसाच दिसतो, मग एक नंबरची आणि बारा नंबरची जागा एकमेकींत मिसळते आणि सगळ्याची सरासरी होऊन जाते. म्हणून एका कोपऱ्यात खूण ठेवा. आम्ही तिथल्या चार स्टेपलना हेअरपिनची (स्वतःवरच दुमडलेल्या डीएनएची) गाठ दिली. चित्रात तो कोपरा जरा उंच दिसतो. पहिल्या वेळी सुरुवातीला आमच्याकडे खूण नव्हती, आणि त्या काळातले फोटो आता शोभेचे.

नकाशा तयार झाला की तो बोलायला लागतो. ठरावीक जागाच रिकाम्या आणि बाकीच्या छान भरलेल्या, असं असेल तर दोष त्या स्टेपलांचा: कडेची जागा, गट चुकीच्या बाजूला, किंवा पिपेटची चूक. सगळ्याच जागा सारख्या प्रमाणात गळालेल्या असतील, तर रसायन बिघडलंय किंवा स्ट्रेप्टाव्हिडिन कमी पडतंय. आणि काही आयत चांगले भरलेले, शेजारचे पार कोरे असतील, तर ते आयत अभ्रकावर पालथे पडलेत.

सुईवरचा संशय पाच मिनिटांत फेडता येतो. तोच भाग पुन्हा स्कॅन करा. दुसऱ्या स्कॅनमध्ये ठिपके कमी झाले तर सुई त्यांना झाडून टाकतेय; द्रवाखाली टॅपिंगवर (सुई टेकत-उचलत स्कॅन करण्यावर) जा आणि जोर कमी करा.

पहिली खेप: ट्रिस

आमचा पहिला नकाशा सगळीकडे सारखाच फिका होता, म्हणजे रसायन. आम्ही अमाइन (नायट्रोजनचा क्रियाशील गट) लावलेले ऑलिगो मागवून त्यांच्यावर एनएचएस एस्टरने बायोटिन चढवत होतो. एस्टरने अमाइनशी अमाइड बंध करायचा, विषय संपला. प्रोटोकॉल बरोबर, सोडियम बायकार्बोनेटचा बफर बरोबर, पीएच ८.४. आणि तरी अर्धेच ऑलिगो जोडले जात होते.

चूक प्रोटोकॉलच्या आधीच झालेली होती. कोरडे आलेले ऑलिगो आमच्याकडे टीई बफरमध्ये विरघळवायची पद्धत होती. का, तर सगळे तसंच करतात. टीईमधला टी म्हणजे ट्रिस, आणि ट्रिस स्वतःच प्राथमिक अमाइन आहे. १०० मायक्रोमोलर ऑलिगो टीईमध्ये विरघळवला की ऑलिगोच्या एका अमाइनमागे ट्रिसचे शंभर. ट्रिसचं अमाइन जरा अडचणीत असल्यामुळे मंद आहे, पण शंभरास एक म्हटल्यावर मंद असून चालतं. एनएचएसची अभिक्रिया थांबवायची असेल तर लोक मुद्दाम ट्रिस घालतात. आम्ही ते सुरुवातीलाच घालून ठेवत होतो.

उपाय सोपा निघाला. अमाइनवाले ऑलिगो शुद्ध पाण्यात विरघळवा. आधीच टीईमध्ये असतील तर सोडियम अॅसिटेट आणि इथेनॉलने अवक्षेपित करून घ्या. अमोनियम अॅसिटेट वापरू नका, नाहीतर ट्रिस काढून अमोनिया आत घ्याल. संश्लेषणानंतर ऑलिगोबरोबर अमोनियमचे क्षार राहिलेले असू शकतात, म्हणून पाण्यातल्या ऑलिगोंनाही एकदा हे करून घेतलेलं बरं. आणखी एक चोर म्हणजे एस्टर विरघळवायचं जुनं डीएमएफ. ते कुजलं की त्यात डायमिथाइलअमाइन तयार होतं, आणि तेही एस्टर खातं. बाटली उघडल्यावर मासळीबाजाराचा वास आला तर ती बाजूला ठेवा. आम्ही तेव्हापासून निर्जल डीएमएसओवरच आहोत.

जोडणी घडलेल्या ओरिगामीवर करायची असेल तर अडचण वाढते, कारण ओरिगामी ज्या टीएई बफरमध्ये घडते त्यात ट्रिस ४० मिलिमोलर असतं. तेव्हा हेपेस आणि मॅग्नेशियमच्या बफरमध्ये ती आणावी लागते. हेपेसचं नायट्रोजन तृतीयक असतं, ते एस्टरच्या वाटेला जात नाही. पण माझं मत विचाराल तर शक्यतो घडीच्या आधी, सुट्या ऑलिगोवरच गट चढवा. तिथे सांद्रता भरपूर असते आणि तपासताही येतं.

तपासायचं कसं, तर दोन रुपयांत. जोडलेला ऑलिगो थोड्या जास्तीच्या स्ट्रेप्टाव्हिडिनबरोबर मिसळा आणि अॅक्रिलामाइड जेलवर चालवा. बायोटिन असलेला धागा वर अडकतो, नसलेला खाली पळतो. खालचा बँड म्हणजे तुमची खोट, डोळ्यांनी दिसणारी. मास स्पेक्ट्रोमीटरची सोय असेल तर साध्या एनएचएस-बायोटिनने वजन २२६ डाल्टननी वाढलेलं दिसायला हवं. हे जेल आम्ही पहिल्या महिन्यात चालवलं असतं तर एएफएमची पायरी चढायची गरजच नव्हती.

दुसरी खेप: जुलै

ट्रिस गेलं आणि नऊ-नऊ ठिपके यायला लागले. एप्रिल, मे उत्तम. जुलैत परत सहा. नकाशा पुन्हा सगळीकडे सारखा फिका. मग काय, बफर नव्याने केले, पाणी बदललं, ऑलिगो पुन्हा पुन्हा अवक्षेपित केले. ते पाच आठवडे हेच.

एनएचएस एस्टर पाण्यात टिकत नाही. पीएच ७ आणि शून्य अंशाला त्याचं अर्धायुष्य चार-पाच तासांचं, पीएच ८.६ ला, ४ अंशांवरसुद्धा, दहाएक मिनिटांचं. हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते अभिक्रियेच्या नळीपुरतं. आमची व्हायल उणे २० अंशांच्या फ्रीजरमधून निघायची आणि तशीच टेबलावर उघडली जायची. पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी, खपून जातं. पावसाळ्यात गार व्हायल उघडली की आतल्या पांढऱ्या पावडरीवर क्षणात दव धरतं. झाकण लावून ती परत फ्रीजरमध्ये जाते, आणि एस्टर आतल्या आत मरत राहतो. मेलेला एस्टर दिसायला जिवंत एस्टरसारखाच.

आता आमच्याकडे नियम असा आहे: व्हायल फ्रीजरमधून काढली की सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये तासभर ठेवायची, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. नवीन बाटली आली की पहिल्याच दिवशी छोटे छोटे वाटे करून कोरडे साठवायचे, एक वाटा एकदाच वापरायचा. डीएमएसओमधलं द्रावण त्याच दिवशी करायचं आणि उरलं तर टाकायचं. "थोडंसंच उरलंय, उद्या वापरू" म्हणणाऱ्याने उद्याचं जेल स्वतः चालवायचं. मुंबई-कोकणात किंवा गोव्यात काम करणाऱ्यांनी हा नियम बारा महिने पाळावा.

मधेच: मोकळे स्टेपल आणि चार हातांचं स्ट्रेप्टाव्हिडिन

ही आमची चूक नव्हती, शेजारच्या गटाची होती. नकाशा मात्र सारखाच दिसतो, म्हणून सांगते. घडी घालताना स्कॅफोल्ड (तो लांब एकेरी धागा) १० नॅनोमोलर आणि प्रत्येक स्टेपल १०० नॅनोमोलर घेतला, तर दहातले नऊ स्टेपल द्रावणात मोकळे राहतात. बायोटिनच्या बारा जागा म्हणजे ओरिगामीवर १२० नॅनोमोलर बायोटिन आणि मोकळं १,०८० नॅनोमोलर. तुम्ही टाकलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन आधी त्यांच्याकडे जातं. म्हणून मोकळे स्टेपल काढल्याशिवाय स्ट्रेप्टाव्हिडिन घालू नका. १०० किलोडाल्टनच्या फिल्टरवर मॅग्नेशियमवाल्या बफरने तीन-चार धुण्या द्या, वेग बेताचा ठेवा, किंवा पीईजीने (पॉलिएथिलीन ग्लायकॉलने) अवक्षेपित करा. नंतर अॅगरोज जेलवर खाली स्टेपलांचा धूसर पट्टा उरला असेल तर आणखी एक धुणी.

स्ट्रेप्टाव्हिडिनला बायोटिन धरायला चार जागा असतात. ६ नॅनोमीटरवर दोन बायोटिन लवचीक दुव्यांवर ठेवलीत, तर एकच स्ट्रेप्टाव्हिडिन दोघांना धरून बसू शकतं. दोन जागा, ठिपका एक, आणि तुम्ही म्हणणार एक जागा रिकामी. आमच्या जागा १८ नॅनोमीटरवर आहेत, त्यामुळे ही भानगड नाही. उलट स्ट्रेप्टाव्हिडिन कमी घातलंत तर ते दोन आयतांना एकमेकांना जोडतं आणि जेलच्या खाचेतच गोळा अडकून राहतो. भरपूर जास्तीचं, एकदम, ढवळत घाला.

तिसरी खेप: तोच कोपरा, तीच बाजू

तिसऱ्यांदा नकाशा वेगळा निघाला, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आठ जागा उत्तम, चार जागा जवळपास रिकाम्या. या चारांपैकी दोन अगदी कडेच्या स्तंभात होत्या. त्या जागा दोन ओळी आत सरकवल्यावर भरल्या. तिथे दुसरं काही शोधायचंच नव्हतं.

तिसरी जागा आत होती तरी रिकामी. ती गेली दुहेरी सर्पिलाच्या पिळामुळे. डीएनएचा एक फेरा साधारण १०.५ बेस जोड्यांत पुरा होतो, म्हणजे प्रत्येक जोडीला धागा सुमारे ३४ अंश वळतो. नवीन डिझाइनमध्ये स्टेपलचा तुटक बिंदू (जिथे एक स्टेपल संपतो ती जागा) कुणीतरी पाच बेसने सरकवला होता. पाच बेस म्हणजे अर्धा फेरा, आणि गट थेट आयताच्या मागच्या बाजूला. पडद्यावर, सपाट आराखड्यात, हे दिसत नाही. तिथे दोन्ही जागा शेजारी शेजारी गोड दिसतात. त्रिमितीय मॉडेल फिरवून प्रत्येक टोक कुठे बघतंय ते पाहिल्याशिवाय ऑर्डर पाठवू नका. टोकाला दोन-चार थायमिनचा दुवा दिला तर थोडी सूट मिळते, पण अर्ध्या फेऱ्याची नाही. आणि दुवा लांबवून प्रश्न मिटवू म्हणाल, तर २० बेसचा हँडल (आयताबाहेर काढलेला धागा) ताठ धरला तरी जवळजवळ ७ नॅनोमीटरचा होतो. मग गट ६ नॅनोमीटरच्या जाळीवर बसवला आहे, असं मिरवण्यात काय अर्थ?

चौथी जागा रिकामी होती, कारण स्टेपलची ९६ खणांची प्लेट उलटी धरून पिपेट केली होती. एकच स्टेपल बदलताना. यावर मला आणखी काही लिहायचं नाही. प्लेटच्या कोपऱ्यावर मार्करने ठळक खूण करा.

पालथ्या पडण्याचा प्रश्नही इथेच येतो. आयत अभ्रकावर पसरल्यानंतर स्ट्रेप्टाव्हिडिन टाकलं, तर ज्यांची बायोटिनची बाजू खाली गेली आहे त्यांना ते कधीच मिळत नाही. द्रावणातच बांधून घ्या, मग पसरा.

बायोटिनऐवजी दुसरं काही लावत असाल तर

थायॉल (गंधकाचा गट) बहुधा डायसल्फाइडच्या रूपात येतो. टीसीईपी या क्षपणकाने सोडवा, क्षार काढा आणि लगेच मॅलेइमाइडला (थायॉल पकडणाऱ्या गटाला) द्या, पीएच ६.५ ते ७.५. डीटीटीने सोडवलंत तर ते पूर्ण काढणं आलंच, कारण त्याला स्वतःचे दोन थायॉल आहेत. अझाइडवाल्या ऑलिगोच्या नळीत टीसीईपी जाऊ देऊ नका. ते अझाइड क्षपित करतं. तांब्याच्या क्लिकमध्ये (अझाइड-अल्काइन जोडणीत) एकसंयुजी तांबं आणि अॅस्कॉर्बेट मिळून डीएनए कापणारे मूलक तयार करतात, तिथे टीएचपीटीएसारखा लिगंड लागतोच.

तांब्याशिवायच्या डीबीसीओ-अझाइड क्लिकवर लोकांचा विश्वास फार, आणि तोच त्यांना नडतो. तिचा वेगस्थिरांक साधारण ०.१ ते १ प्रति मोलर प्रति सेकंद. अगदी १ धरला, आणि अझाइड १ मिलिमोलर असलं, तर बारा मिनिटांत निम्मं काम. तेच अझाइड १ मायक्रोमोलर असलं तर निम्म्या कामाला आठ दिवस. घडलेली ओरिगामी नॅनोमोलरमध्ये असते, आणि ती वाचवायची म्हणून आपण अभिक्रियाकही जपून घालतो. रात्रभर ठेवून सकाळी "झालं असेल" म्हणतो. झालेलं नसतं. मोठं प्रथिन लावायचं असेल तर ९० अंशांच्या घडीत ते टिकणार नाही, म्हणून ते नंतरच येणार. पण तेव्हाही प्रथिनाला आधी सुटा ऑलिगो जोडून शुद्ध करा, आणि तो ऑलिगो ओरिगामीवरच्या पूरक हँडलवर बसवा. मग ओरिगामीवर फक्त बेस जुळायचे उरतात.

आमच्या आयतावर आता सरासरी नऊ ठिपके येतात. खुणेजवळच्या कोपऱ्यातली जागा अजूनही सगळ्यात कच्ची आहे. पुढच्या डिझाइनमध्ये तिथे काहीच लावणार नाही.